वाढदिवसाचा कचरा किती जुना?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण विषय प्रत्येकाच्या घरातला आहे, तेव्हा सवडीने वाचा.

रविवारी संध्याकाळी आपल्यासारख्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, एखाद्या छोट्या हॉलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या लेकराचा वाढदिवस असतोच. सोमवारी सकाळी त्या हॉलच्या मागच्या बोळात काय सापडतं? क्रीम माखलेल्या ताटल्या, प्लास्टिकचे चमचे, फुटके फुगे, चंदेरी फॉइलचे आकडे, पॉपरमधून उडालेल्या चकचकीत पट्ट्या, थर्मोकोलवर कोरलेलं बाळाचं नाव आणि अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या. घंटागाडीवाला हे सगळं एकत्रच उचलतो, कारण वेगळं करता येईल असं त्यात फार काही उरलेलं नसतं. बाटल्या सोडल्या तर भंगारवालाही त्याला हात लावत नाही.

यावर कुणी बोललं की ठरलेलं उत्तर येतं. "वर्षातून एकदाच तर असतो वाढदिवस. लेकरांचा आनंद कशाला हिरावता? आणि हे काय आजचं आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय. हो, हे आजचंच आहे. या ढिगातली एकेक वस्तू आपल्या वाढदिवसात कधी आली ते बऱ्यापैकी सांगता येतं. ज्या वस्तू कालपरवा आल्या, त्यांना परंपरा म्हणायचं कारण नाही. आणि ज्या एकेक करून आल्या, त्या एकेक करून बाहेरही काढता येतात.

तीळ-गूळ घातलेलं दूध

आधी जुनं बघू. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' हा ग्रंथ लिहिला. सणवार, व्रतं, संस्कार कसे करायचे हे सांगणारं हे पुस्तक पुढे महाराष्ट्रातल्या भटजींच्या घराघरांत गेलं. त्यात वाढदिवसाचाही विधी आहे. त्याला नाव 'वर्धापन'. तिळाचं उटणं लावून आंघोळ करायची, नवं वस्त्र नेसायचं, मार्कंडेयाची आणि अश्वत्थामा, बळी, हनुमान अशा चिरंजीवांची पूजा करायची आणि तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं. त्या दिवशी नखं-केस कापायचे नाहीत. दिवस अर्थात तिथीने धरायचा, तारखेने नाही.

हा विधी मोजक्याच घरांत होत होता, हेही सांगितलं पाहिजे. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, बलुतेदाराच्या घरात असलं काही नव्हतं. फार तर आईच्या लक्षात असायचं की, "हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला" किंवा "ही दुष्काळाच्या साली झाली." लक्षात राहिलंच तर त्या दिवशी देवापुढे नारळ फुटायचा, गोडाचा शिरा किंवा शेवयाची खीर व्हायची आणि पाटावर बसवून ओवाळलं जायचं. निरांजन, सुपारी, अक्षता, जमलं तर सोन्याची अंगठी. ओवाळून झालं की निरांजन देवघरात, सुपारी डब्यात आणि अंगठी पुन्हा बोटात. टाकून द्यायला काही शिल्लकच राहत नव्हतं.

एक जूनची फौज

मग तारीख कुठून आली? शाळेतून.

आपल्या ओळखीतले साठी-सत्तरीचे दहा जण घ्या आणि त्यांचा जन्मदिनांक विचारा. त्यातल्या काहींचा तरी १ जून निघेल. शाळा जूनमध्ये भरायची. पोराला घेऊन बाप यायचा, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि रजिस्टरला १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्या तारखेने नोकऱ्या लागल्या आणि निवृत्त्याही झाल्या. आजही १ जूनला गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शुभेच्छांचा पाऊस पडतो, तो या गुरुजींच्या कृपेने.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा १९६९ चा. त्यानंतरही खेड्यापाड्यांत नोंदी नीट व्हायला बराच काळ गेला. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून चालतो. म्हणजे प्रत्येक लेकराला स्वतःची खरी तारीख मिळणं ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे.

म्हणून वाढदिवसाला नावं ठेवणं मला पटत नाही. ज्या आजोबांना स्वतःचा जन्मदिवस माहीत नाही, त्यांना नातवाचा दिवस थाटात व्हावासा वाटतो. त्यामागे साधी भूक आहे. आपल्याला जे मिळालं नाही ते पोराला मिळावं. ही भूक खरी आहे, आणि बाजाराने ती बरोबर ओळखली.

केक आणि फुगा

केकवर मेणबत्त्या लावून मुलांचा वाढदिवस करायची चाल जर्मनीतली, अठराव्या शतकातली. आपण सगळे टाळ्या वाजवत म्हणतो त्या इंग्रजी गाण्याची चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोन बहिणींची. पॅटी बालवाडीची शिक्षिका होती. १८९३ मध्ये ही चाल छापली गेली तेव्हा तिच्यावरचे शब्द सकाळच्या नमस्काराचे होते, वर्गात रोज म्हणायला. वाढदिवसाचे शब्द नंतर चिकटले. पुढे एका कंपनीने या गाण्यावर हक्क सांगून वर्षानुवर्षं पैसे घेतले आणि २०१५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने तो हक्कच चालणार नाही असा निकाल दिला.

आपल्याकडे हे आधी साहेबाच्या बंगल्यात होतं, मग मोठ्या शहरांतल्या शिकलेल्या घरांत आलं. खेड्यापर्यंत पोचवलं ते सिनेमाने. १९६७ च्या 'फर्ज'मधलं जितेंद्रचं वाढदिवसाचं गाणं आजही हॉलमध्ये वाजतं. तंबूतल्या टॉकीजमध्ये ते बघणाऱ्याला केक कसा लागतो हे माहीत नव्हतं, पण वाढदिवस कसा दिसतो हे कळलं. तालुक्याच्या बेकरीत तेव्हा खारी, बटर, टोस्ट आणि नानकटाई मिळायची. क्रीमचा, नाव लिहिलेला केक काचेच्या कपाटात दिसायला लागला तो साधारण नव्वदच्या दशकापासून.

फुग्याची गोष्ट आणखी गमतीची. रबरी फुगा मुलांसाठी बनलाच नव्हता. १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरेडे या शास्त्रज्ञाने हायड्रोजन वायू भरून ठेवण्यासाठी रबराच्या पिशव्या केल्या, तो पहिला रबरी फुगा. आपल्याकडे फुगा भेटायचा जत्रेत, उरुसात. एका लेकराला एक फुगा. तो घरी येईपर्यंत टिकला तर मोठी मिजास. आज एका कमानीला शेकड्याने फुगे लागतात आणि दोन तासांत टाचणीने फोडले जातात.

फुगा रबराचा आहे, कुजतो, असं विक्रेते सांगतात. कुजतो, पण लगेच नाही. तोवर नाल्यात, शेतात, गाईच्या पोटात जायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. त्याच्यासोबतची प्लास्टिकची काडी आणि रिबीन तर कुजतच नाही. आणि ते चकचकीत फॉइलचे आकडे? त्यात रबर नसतंच, धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं. असा फुगा उडून विजेच्या तारांवर अडकला तर शॉर्टसर्किट होऊ शकतं.

बर्फासारख्या फेसाच्या स्प्रेबद्दल एक वेगळी विनंती. त्या डब्यातला वायू पेट घेणारा असतो. समोर मेणबत्ती जळत असताना लेकराच्या तोंडावर तो उडवू नका. हा प्रश्न पर्यावरणाच्याही आधी जिवाचा आहे.

पत्रावळ का गेली?

आता ताटल्यांकडे येऊ. इथे जरा थांबावं लागेल, कारण इथेच आपण सगळे हळवे होऊन "पूर्वी किती छान होतं" म्हणायला लागतो.

पूर्वी पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होते, कोकणात केळीचं पान. पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर. गुरं तोंड घालायची आणि राहिलेल्याचं खत व्हायचं. पत्रावळी लावणाऱ्या बायकांना चार पैसे मिळायचे. मोठ्या कार्याला देवळातली नाहीतर तालमीतली भांडी यायची. पितळी पातेली, स्टीलची ताटं, पाण्याचे जग, आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव ठोकलेलं. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून भेट. ही भांडी सगळ्या गावाची असायची. वापरा, घासा, मोजून परत करा.

पण घासायची कुणी? घरातल्या बाईने, नाहीतर तिने बोलावलेल्या दुसऱ्या बाईने. पन्नास ताटांचा ढीग, मागच्या दारी दगडावर, राखेने. थर्मोकोलची ताटली आली तेव्हा तिचं पहिलं स्वागत याच बाईने केलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. ज्याने कधी खरकटं उचललं नाही त्याने "स्टीलची ताटं वापरा" असा उपदेश करणं सोपं आहे. पार्टी स्वच्छ करायची आणि कष्ट आईच्या गळ्यात घालायचे, तर ती पार्टी पुढच्या वर्षी परत थर्मोकोलवरच येईल. ताटं कोण घासणार हे आधी ठरवा, मगच ताटं मागवा.

कायद्याची यादी

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसं गेली. पाणी न ओसरण्याची कारणं अनेक होती, त्यातलं एक म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली गटारं. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने विघटन न होणाऱ्या कचऱ्यावर कायदा केला आणि ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली.

२३ मार्च २०१८ ला राज्याने आणखी मोठी बंदी जाहीर केली. त्यात प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या ताटल्या, कप, चमचे आले आणि सजावटीचं थर्मोकोलही आलं. तीन महिन्यांची मुदत संपली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि कैदेची तरतूद. त्या वर्षी गणपतीच्या मखराचं काय होणार यावर केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल.

मग १ जुलै २०२२ ला देशभर बंदी आली. तिची यादी एकदा वाचाच. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या. सजावटीचं थर्मोकोल. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, सुऱ्या, स्ट्रॉ. मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनर. एखाद्या लेकराच्या पहिल्या वाढदिवसाच्या सामानाचीच यादी वाचतोय असं वाटतं. त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या-पेल्यांवरही बंदी घातली. त्यामुळे "आम्ही कागदी वापरतो" असं म्हणणाऱ्यांनी ताटली फाडून आत चकचकीत पापुद्रा निघतो का ते बघावं.

बंदी आहे, आणि तरी हे सगळं बाजारात मिळतं, हे तुम्हाला-मला माहीत आहे. मोहीम निघते, चार दुकानांत जप्ती होते, पेपरात फोटो येतो, आठवड्याने माल पुन्हा दिसतो. मी स्वतः असल्या मोहिमांच्या बातम्या केल्या आहेत. मजकूर दरवेळी जवळजवळ तोच असतो.

मोठ्यांचं बघून

आणि एक गोष्ट बोललीच पाहिजे. लेकरांनी वाढदिवस शिकला कुणाकडून? चौकात बघा. भाऊ, दादा, अण्णा, साहेब. अर्धा रस्ता अडवून फ्लेक्स, रात्री बाराला भररस्त्यात केक, कधी तलवारीने कापलेला, मग गुन्हा दाखल झाल्याची बातमी. बेकायदा फलकांबद्दल साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला. तरी खांबावरची फलकांची रांग हटली नाही, आणि आता त्या रांगेत एक वर्षाच्या बाळाचेही फलक लागतात. गॉगल घातलेलं बाळ आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची ओळ.

त्या बाळाला यातलं काही कळत नाही. फ्लेक्स बापासाठी असतो, आणि बापाला तो लावावा वाटतो कारण गावात मान मोजायची पट्टी तीच झाली आहे. ज्यांचा महिन्याचा हिशेब जुळत नाही अशी घरंही हॉल, डेकोरेशन, रिटर्न गिफ्ट यांसाठी उसने पैसे काढतात. शेजारच्याने केलं म्हणून. कचरा कमी करायचा विषय इथे येऊन ठेपतो. ज्यांना परवडतं त्यांनी आधी साधं केलं, तर ज्यांना परवडत नाही त्यांची सुटका होईल. उलट क्रमाने हे होणार नाही.

आपल्याकडचीच एक पार्टी

मुलांची कचरा न करणारी पार्टी कशी असते, हे शोधायला परदेशात जायची गरज नाही. बोरन्हाण घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही. पाच वर्षांपर्यंतचं मूल, काळं झबलं, हलव्याचे दागिने. गल्लीतली सगळी पोरं गोळा करायची आणि मधल्या मुलाच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या. पोरं तुटून पडतात. खेळ तोच, खाऊ तोच, घरी न्यायची भेटही तीच. खाली सांडलेले चार चुरमुरे चिमण्या टिपतात.

यात काय नाही? गोंगाट आहे, सजावट आहे, उत्सवमूर्ती आहे, फोटोही झकास येतात. फक्त दुसऱ्या दिवशी उचलायला काही नाही. अलीकडे त्यातही वेष्टनातली चॉकलेटं आणि फुग्यांची कमान घुसली आहे, ते मात्र थांबवायला हवं.

आता वाढदिवसापुरतं, झेपेल तेवढं.

केक असू द्या. लेकरांना तो हवा असतो आणि तो पोटात जातो. बेकरीवाल्याला आधीच सांगा की प्लास्टिकची सुरी, पॉपर आणि चमकीची पुडी नको. सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली आहे, कारण तिचे कण पाण्यातून काढता येत नाहीत. आपण ती केकच्या शेजारी उधळतो.

सजावटीला झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, आईच्या जुन्या साड्यांचे पडदे, कागदी पताका. पताका मुलांनाच करायला बसवा, दुपार निघून जाते. कापडी पताका शिवून ठेवली तर दहा वाढदिवस चालते आणि सगळ्या आळीत फिरते.

ताटांसाठी बचत गटांनी आणि मंडळांनी पुढे यावं. देवळाच्या भांड्यांची पद्धत आपल्याला नवी नाही. पन्नास ताटं, पन्नास वाट्या, पन्नास पेले, भाडं ठरलेलं आणि घासणावळ वेगळी व रोख. जी बाई घासेल तिला मजुरी मिळाली पाहिजे. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांची मागणी हीच होती की आमच्या कामाला काम म्हणा. घासणाऱ्या बाईचंही तेच आहे.

शाळेत वेष्टनातली चॉकलेटं वाटण्याऐवजी चिक्की, शेंगदाण्याचा लाडू किंवा पेरू द्या. वर्गाच्या पेटीला एक गोष्टीचं पुस्तक दिलं तर ते पुढच्या तुकडीपर्यंत टिकेल. मुख्याध्यापकांनी एकदाच सगळ्यांसाठी नियम केला तर कुठल्याच लेकराला कमीपणा वाटणार नाही.

झाड लावायचं असेल तर पावसाळ्यात लावा आणि पुढच्या वाढदिवसाला त्याच झाडापाशी फोटो काढा. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावणारे आपल्या गावात कमी नाहीत.

हे सगळं एकदम करायला कुणी सांगत नाही. यंदा थर्मोकोल बंद. पुढच्या वर्षी ताटल्या. त्याच्या पुढच्या वर्षी फ्लेक्स. ज्या क्रमाने हे घरात आलं, त्याच्या उलट क्रमाने बाहेर काढू. फ्लेक्सची सुरुवात मात्र ज्यांच्या नावाचे चौकात लागतात त्यांनीच करावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई आता सुरू होईल. त्या गाळातून काय काय निघतं ते एकदा मुलांना सोबत घेऊन जाऊन बघा.